मनोऱ्यातली माझी जागा

आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी दगडाची एक रुंद पायरी होती. पावसाळ्यात ती शेवाळायची, म्हणून आई ती दर आठवड्याला घासून काढायची. त्या पायरीवर मी खडूने बेरजा मांडायचो. बाबा फॅक्टरीतून आले, की हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे राहायचे आणि त्या बेरजा तपासायचे. बाबा फॅक्टरीच्या लेखा विभागात होते. घरातही त्यांचं वागणं साधारण ऑडिटसारखंच असे. बेरीज बरोबर असली की ते वाकून खडूने खाली एक आडवी खूण करायचे, चुकली असली की आकड्याभोवती गोल. बोलायचे नाहीत. आमच्या दोघांत जी काही जवळीक होती, ती त्या पायरीवर होती. खुणेची वाट पाहत मी स्वयंपाकघरात उगाच पाणी पीत उभा राहायचो.

बेरजा मुलांच्या वजनांच्या असत. मराठी मंडळाच्या युवक शाखेत मी मल्लखांब खेळत होतो. नागपंचमीला आमचा मनोरा व्हायचा, आणि कोणाच्या खांद्यावर किती भार येणार हे काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी फार चपळ नव्हतो, पण मला आकडे पाठ राहत. आजही राहतात. पोटही त्यावरच भरतं.

आमचं घर आवाजांवर चालायचं. पहाटे भोंगा, मग शेजारच्या पांडेजींच्या रेडिओवरच्या बातम्या, मग आईचा खलबत्ता. कुकरवर तिचा फारसा विश्वास नव्हता, वरण पातेल्यातच शिजायचं. रविवारी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात असे. भातावर कढत फोडणीचं तेल ओतताना जो चर्र आवाज यायचा तो ऐकून बाबा वर्तमानपत्राची घडी घालायचे. हिवाळ्यात शहराजवळच्या पाटणहून मटाराचं पोतं यायचं आणि आम्ही तिघं ओसरीवर बसून ते सोलायचो. आईची भाषा नागपूरकडची, बाबांची तिच्यापेक्षा जरा पुस्तकी, माझी दोघांच्या मधली आणि त्यात अर्धी हिंदी. बाहेर पाऊल टाकलं की सगळं हिंदीच.

मंडळाच्या पटांगणात खांब पुरलेला होता. कुंडमकडच्या जंगलातलं सागवान, एरंडेल पिऊन पिऊन काळं झालेलं. वरचं बोंड तर हातांनी घासून चकाकत असे. एरंडेलाचा तो जड वास कपड्यांतून जायचा नाही. आई माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. आम्हाला शिकवायचा विनूदादा. बँकेत कारकून, तेव्हा पस्तिशीच्या आसपास, आवाज बारीक आणि बोलणं कमी. तालमीनंतर भिजवलेले हरभरे आणि गूळ मिळे, ते मंडळाच्या अध्यक्षांच्या घरून येत. अध्यक्ष म्हणजे सबनीसकाका, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. हरभरे आणायच्या त्या शैलाकाकू. त्यांचा मुलगा मुकुंद आमच्यात सगळ्यांत थोराड, आणि मुलगी रेवा मुलींच्या सकाळच्या तुकडीत दोरीचा मल्लखांब करायची.

मनोरा दहा जणांचा. खाली खांबाला मिठी मारून तीन दणकट मुलं, त्यांना कमरेला धरून तीन, त्या तिघा दणकटांच्या खांद्यांवर उभी मधली तीन, आणि मधल्या एकाच्या खांद्यावरून चढून बोंडावर उभा राहणारा एक. मी मधला होतो. माझ्या खाली मुकुंद, आणि वर जायचा तो माझ्या खांद्यावर पाय देऊन. ही जागा मिळवायला मला तीन नागपंचम्या लागल्या होत्या.

दोन रिवाज सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिला असा, की ज्याच्या खांद्यावर भार येणार तोच ठरवणार वर कोण उभं राहायचं ते. त्याने स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारली की वर जायचं, नाही मारली तर नाही. ‘खांदा देणे’ हे शब्द आखाड्यात वर्ज्य होते, ते स्मशानातले. आम्ही म्हणायचो, खांदा ठेवला. दुसरा रिवाज हिशेबाचा. मनोऱ्याच्या तालमीआधी सगळे गोलात बसायचे. एकेकाने धान्याच्या जुन्या काट्यावर उभं राहायचं, वजन सांगायचं, आणि त्या दिवशी आपल्यात काय कमी-जास्त आहे तेही सांगायचं. ताप, उपास, मुरगळलेला पाय, घरात भांडण, काहीही. “ज्याच्या डोक्यावर उभे राहता त्याच्यापासून काही लपवायचं नाही,” एवढंच विनूदादा म्हणायचा. सांगून झालं की तो म्हणायचा, “पुढचा.”

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. तालमी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते आणि एका संध्याकाळी मी खांबावरून घसरलो. लागलं नाही. मुकुंदने मला मांडीवर झेललं आणि शिवी दिली. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहिलो तेव्हा विनूदादाने विचारलं, “काल काय झालं होतं?”

“झोप नव्हती.”

“काहून?”

इथे दुसरा कोणीही ‘अभ्यास’ म्हणाला असता. पण मला नियम अक्षरशः पाळायची खोड होती. खाली मुकुंद उभा राहणार, आणि लपवायचं नाही असं ठरलेलं. मी म्हणालो, “बावन्न किलो. आणि मला मुली आवडत नाहीत. मुलं आवडतात. म्हणजे लग्नासारखी. कधीपासूनच. त्याच विचाराने झोप नाही येऊन राहिली.”

पटांगणाच्या भिंतीपलीकडे एक ऑटो बंद पडला होता आणि त्याचा मालक तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग मुकुंद म्हणाला, “अबे, बस? इतकी लंबी शकल करून सांगून राहिला, मला वाटलं टीबी-बीबी झाला.”

कोणीतरी हसलं. विनूदादा हसला नाही, रागावलाही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, जशी तो मुरगळलेल्या पायाला हलवायचा, आणि म्हणाला, “ठीक. आज मधे उभा राहू नको, झोप काढ. उद्या ये. पुढचा.”

पुढचा, कमरेला धरणारा सोनटक्के, उठला, काट्यावर गेला, आणि म्हणाला, “एकोणसाठ. सोमवारचा उपास आहे, पण साबुदाणा दाबून खाल्ला.”

मी हे किती वेळा मनात उलटून-पालटून पाहिलं असेल. तेव्हा कायदासुद्धा आमच्यासारख्यांच्या बाजूचा नव्हता. मला त्या गोष्टीसाठी कुठल्याच भाषेत नीट शब्द माहीत नव्हता. त्या बारीक आवाजाच्या बँकेतल्या माणसाने ती गोष्ट उपास आणि अंगठादुखीच्या रांगेत नेऊन बसवली, आणि रांग पुढे सरकली. आज हे लिहिताना शेजारच्या खुर्चीत श्रीधर बसला आहे. आमचा संसार आता बराच जुना झाला, गॅसची नळी कधी बदलायची यावर भांडण्याइतका. त्याने ही पानं वाचली आणि म्हणाला, “इतकं साधं नसतं रे कधी.” त्याच्या गावात, त्याच्या वाट्याला साधं काहीच नव्हतं. मी त्याला म्हणालो, साधं नव्हतंच, पण तो शब्द साधा होता. त्याने ते पान पुन्हा काढलं आणि विचारलं, “असाच म्हणाला? पुढचा?” असाच.

साधेपणा तिथे संपला. सगळ्यांत वर जाणारा पिंट्या हा बारका मुलगा. त्याने घरी जेवताना निरागसपणे सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत ते आमच्या घरी पोचलं. बाबांनी ऐकून घेतलं. डबा घेतला, सायकल काढली, गेले. आई मात्र खलबत्ता पुढ्यात घेऊन बसून राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “नऊ पोरांना सांगितलं, त्या विनूला सांगितलं. मी काहून अकरावी रे?”

“तिथे नियम आहे, आई.”

“अन् घरात नाही का नियम?” ती म्हणाली. मग बराच वेळ खलबत्त्यात काहीच नसताना ती कुटत होती.

बाबांनी पायरीवर यायचं थांबवलं. मी बेरजा मांडत होतो. चहा पुढच्या खोलीतच पिऊन होत होता. खूण नाही, गोलही नाही. पाऊस यायचा आणि आकडे धुऊन जायचे. दोन-चार दिवसांनी विनूदादा आमच्याकडे आला, छत्री दारात उलटी ठेवली आणि बाबांच्या समोर बसला. मी आतून ऐकत होतो. तो म्हणाला, “काका, मला यातलं काही माहीत नव्हतं. मेडिकल कॉलेजात ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांना जाऊन विचारलं. आजार नाही म्हणाले. औषध नाही, कारण आजारच नाही. इतकंच सांगायला आलो.”  बाबांनी एकच विचारलं, “वरून पडेल का तो?” विनूदादा म्हणाला, “आम्ही आहोत ना खाली.” आईने त्याला पाटवडी वाढली. त्याने दोनदा रस्सा मागून घेतला आणि गेला.

त्याने आणखी एक केलं. या विषयावरून जो टिंगल करेल त्याला खांब बंद, असं त्याने गोलात सांगून टाकलं. पानठेल्यावरच्या पोरांना तो नियम लागू नव्हता. ते मला पाहून हिंदीत काय काय ओरडायचे. मुकुंद माझ्याबरोबर घरापर्यंत यायला लागला. मी विचारलं काहून, तर म्हणाला, “तू वाटेत मार खाल्ला तर तुझं वजन कमी होईल, अन् मला पुन्हा सवय करावी लागेल.”

मग पिंट्याच्या घरच्यांनी त्याला काढून घेतलं, आणि कमरेला धरणाऱ्यांपैकी आणखी एकाला. कमरेला धरायला दुसरा मिळाला. बोंडावर जायला कोणी नव्हता. सबनीसकाकांनी मंडळाच्या सभागृहात बैठक बोलावली. आम्ही मुलं मागे भिंतीला टेकून उभी होतो. काका वाईट माणूस नव्हते. माझ्या मुंजीत त्यांनीच मला घड्याळ दिलं होतं. ते उभे राहून माझ्याकडे न पाहता म्हणाले, “हे बघा, मला मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. पण शहरात मंडळाचं काही नाव आहे. लोक विचारून राहिले. नंदूने यंदा मनोऱ्यात नसावं. त्याच्या जागी सोनटक्के उभा राहील.”

विनूदादा म्हणाला, “काका, ज्याचा खांदा त्याचा निर्णय. तुमच्या वडिलांनीच घातलेला नियम आहे. मला विचारू नका, मुकुंदला विचारा.”

काका स्वतःच्या मुलाकडे वळले. मुकुंद भिंतीवरून पाठ काढत म्हणाला, “बाबा, हा बावन्न किलो आहे. सोनटक्के एकोणसाठ. वरचे सात किलो तुम्ही उचलणार का?” आणि त्याने, तिथे खांब नसताना, सभागृहात, दोनदा खांद्यावर थाप मारली.  मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो.

“अन् बोंडावर?” काका चिडून म्हणाले. “बोंडावर कोण, तुझी आई?”

शैलाकाकू तेव्हा चहाची किटली घेऊन आत आल्या होत्या. “मला बोलावलं?” त्या म्हणाल्या. हशा झाला. मग किटली टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “मी इतकंच म्हणते. नागपंचमीला आपण साधी भेंडी चिरत नाही. अन् त्याच दिवशी पोरगा काहून छाटता?”

“भेंडीचा प्रश्न नाही, शैला. वर जायला हलकं कोणी नाही.”

“मी जाते,” दारातून आवाज आला. रेवा होती. आईबरोबर कपांचा ट्रे घेऊन आली होती. “एकेचाळीस किलो. काही कमी-जास्त नाही.” तिने अगदी आमच्या हिशेबाच्या सुरात सांगितलं. म्हणजे या मुली संध्याकाळी येऊन आमचे रिवाज चोरून पाहत होत्या.

सभागृहात जो गोंधळ उडाला त्यात मी पूर्ण विसरला गेलो. मुलगी! खांबावर! मुलांच्या घोळक्यात! कोणाचा हात कुठे लागेल! एक आजोबा तर टोपी हातात घेऊन उभेच राहिले. मी तोवर ऐकलेल्या सगळ्या आक्षेपांपेक्षा हे आक्षेप मोठे होते.  शैलाकाकू मात्र हिशेब करत होत्या, मला चेहरा ओळखता येतो. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मुकुंदकडे. मग चहाची गाळणी माझ्या दिशेने रोखून त्या म्हणाल्या, “रेवा चढेल. पण खाली तिचा भाऊ, अन् त्याच्यावर नंदू. दुसऱ्या कोणाच्याही अंगावरून माझी पोरगी जाणार नाही. नंदू असेल तर हो, नसेल तर नाही.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेत एका काकूंनी “अगं बाई, खरंच की!” म्हटलं, आणि एकेका चेहऱ्यावर ते उमटत गेलं. ज्याला हात लावू नये असं दोन घरांनी ठरवलं होतं, तोच मुलगा मंडळातल्या आयांना एकदम सगळ्यांत भरवशाचा झाला. टोपीवाले आजोबा खाली बसले. सबनीसकाकांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. “नंदू,” ते म्हणाले, “सांभाळशील ना रे तिला?”

पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींनी हे ऐकलं की त्यांना राग येतो. हा अपमानच होता, म्हणतात, तुला माणूस म्हणून कुठे घेतलं, सोय म्हणून घेतलं. असेल. पण मी अठरा वर्षांचा होतो, आणि जी गोष्ट मी रात्रंदिवस नावे बाजूला लिहून बसलो होतो ती कोणीतरी भरसभेत जमेच्या बाजूला मांडली होती. तेही एका गृहिणीने, गाळणी हातात घेऊन. मला त्याचं नवल आजही ओसरलेलं नाही.

पण मनोरा सभागृहात उभा राहत नाही. तालमीत रेवा मुकुंदवरून माझ्या खांद्यावर यायची, ते ठीक व्हायचं. तिथून बोंडावर जायला तिने पाय रेटला की माझे गुडघे हलायचे, आणि ती पाय मागे घ्यायची. “तू हलून राहिला, नंदू.” पुन्हा. पुन्हा हलायचो. मला कळेना. रेवा एकेचाळीस, आणि मी एकोणसाठ किलोच्या सोनटक्केला खांद्यावर घेऊन उभं राहून दाखवलं होतं. आकडे माझ्या बाजूचे होते. विनूदादाने मला बाजूला घेतलं. “नागपंचमीच्या आदल्या तालमीपर्यंत स्थिर झालं तर ठीक. नाही तर मला तुला काढावं लागेल. दुसऱ्या कशासाठी नाही. रेवा पडायला नको म्हणून.” सबनीसकाका तालीम बघायला यायला लागले होते. ते हळूच कोणाला तरी म्हणाले, “मनच ठिकाणावर नसेल तर पाय कसे राहतील?” हे मी ऐकलं. आणि सगळ्यांत वाईट हे, की मला ते खरं वाटलं. टिंगल, बैठक, पानठेला यांनी जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी असं आहे की ज्याच्यावर उभं राहता येत नाही.

त्या संध्याकाळी मी पायरीवर शेवटची बेरीज मांडली. मुकुंदवर मी, माझ्यावर रेवा. बावन्न अधिक एकेचाळीस. तपासायला काही नव्हतंच, लहान मुलालाही येईल अशी बेरीज. मी खडू तिथेच ठेवला आणि झोपलो. पाऊस नव्हता.

सकाळी आई पायरी घासायला बादली घेऊन निघाली आणि दारातच थांबली. “नंदू, इकडे ये,” ती म्हणाली, “मी नाही घासत.”

माझ्या एकेचाळीसभोवती गोल होता. शेजारी बाबांच्या तिरप्या, दाबून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘उभं असताना एकेचाळीस. चढताना पाय रेटते, तेव्हा दीडपट धर. साडेएकसष्ट.’ आणि खाली, थोडी जागा सोडून, ‘पिंट्या हलका होता म्हणून कळलं नाही. चूक बेरजेत आहे.’

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. बाबा तोवर सायकलवरून निघून गेले होते. रेवाला पाय रेटताना त्यांनी कधी येऊन पाहिलं होतं, कोण जाणे. भोंगा झाला. चूक बेरजेत आहे. आई बादली बाजूला ठेवून माझ्याशेजारी पायरीवर बसली, बादलीला लागून तिचं लुगडं ओलं झालं, आणि आम्ही दोघं त्या आकड्याकडे पाहत राहिलो. मला वाटतं तिला त्यातलं गणित कळलं नसेल. बाकीचं कळलं होतं.

संध्याकाळी काट्यावर उभा राहून मी म्हणालो, “बावन्न किलो. चढताना रेवा साडेएकसष्ट आहे. चूक माझ्या बेरजेत होती, बाबांनी काढली.” रेवा म्हणाली, “मला जाडी म्हणून राहिले का काका?” मुकुंद म्हणाला, “म्हणजे मी इतके दिवस फुकट साडेवीस किलो जास्त उचलून राहिलो?” विनूदादाने मात्र बराच विचार केला. मग त्याने आम्हाला शिकवलं की रेवाने पाय रेटायच्या आधी मोठ्याने ‘चलो’ म्हणायचं, आणि त्या शब्दाला मी खांब छातीशी ओढून गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ करायचे, मुकुंदने खाली श्वास धरायचा. भार येणारच. फक्त तो येणार हे माहीत असायला हवं. त्या तालमीत मी एकदाही हललो नाही.

नागपंचमीला पटांगण भरलं होतं. चिखलावर लाकडाचा भुसा टाकला होता. पिंट्याची आईसुद्धा आली होती, लांब फाटकाशी उभी. बाबा कुठे आहेत ते मला दिसलं नाही. तिघं खांबाला बिलगले, तिघांनी कमरा धरल्या. मुकुंदने खांद्यावर दोनदा थाप मारली. मी वर गेलो. खांबाला गाल लागला, एरंडेलाचा वास. मग मी माझा हात खांबावरून काढला आणि माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. रेवा आली. एकेचाळीस. मग वरून ऐकू आलं, “चलो.”

आणि आलं. अगदी तेवढंच आलं. खांद्यातून पाठीत, पाठीतून गुडघ्यांत, तिथून मुकुंदमध्ये, तिथून जमिनीत. मला ते उतरत जाताना कळत होतं, जसा मोठा आकडा हातचे घेत घेत खालच्या ओळीत उतरतो. मी हललो नाही. मग एकदम खांदा हलका झाला, आणि पटांगणातून एक आवाज उठला. मला वर पाहता येत नव्हतं. मधल्याला कधीच वर पाहता येत नाही. मी फक्त लोकांची तोंडं पाहिली, सगळी एकाच वेळी वर झालेली, सबनीसकाकांचं उघडं पडलेलं तोंड, शैलाकाकूंच्या जोडलेल्या हातांच्या वरचं. त्या तोंडांवरून मला कळलं की वर काय दिसत असेल. पुढे मी धुआंधारचा धबधबाही बघितला, हिमालयही बघितला. त्या दिवशी न पाहिलेल्या गोष्टीएवढं मोठं मला काही दिसलेलं नाही.

आता युवक शाखेचा काटा माझ्याकडे असतो. काटा नवा आहे, आकडे लाल दिव्यात दिसतात. मुलामुलींची तुकडी एकच आहे. मुलांना मराठी कळतं, बोलता कमी येतं. कधी कधी कोणीतरी काट्यावर उभं राहून वजन सांगतं आणि मग थांबतं, आणि मला त्या थांबण्यावरूनच कळतं. मी घाई करत नाही. ऐकून घेतो. त्यानंतर काय म्हणायचं ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

मनोऱ्याच्या त्या दुपारी घरी दिंडं होती. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची उकडलेली दिंडं. चाळणीतून वाफ येत होती. बाबा माझ्याआधी घरी पोचले होते. त्यांच्या चपलांना लाकडाचा भुसा चिकटलेला मी दारातच पाहिला. आम्ही पाटांवर बसलो. पहिलं दिंड निम्मं संपलं.

मग बाबा ताटाकडे पाहतच म्हणाले, “किती आलं?”

“दीडपट.”

“धरलं होतंस ना?”

“हो.”

त्यांनी मान हलवली आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.